आंग्रिया बँकेवर गळाच्या मासेमारीसाठी जाताना डिझेलचा आणि दिशेचा हिशेब कसा मांडावा?

खाडीकाठ (धागा सुरू करणारे)

सर्वांना नमस्कार. आमची बारा मीटर लांबीची फायबर-लाकडी बोट वाघोटण खाडीत असते. तिच्यात १२० अश्वशक्तीचे सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन आहे. वडिलांच्या काळापासून आम्ही किनाऱ्यापासून पंधरा-वीस मैलांच्या आतच जाळी मारत आलो आहोत. यंदा जानेवारीत प्रथमच आंग्रिया बँक या समुद्रात बुडालेल्या उथळ पठारावर जाऊन दोन दिवस गळाने मासेमारी करण्याचा विचार आहे. सोबत दोन खलाशी आणि माझा चुलत भाऊ असेल. परवाना, नोंदणी आणि खलाशांची ओळखपत्रे यांची पूर्तता झाली आहे. ते ठिकाण बारा सागरी मैलांच्या पलीकडे असल्यामुळे मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन सर्व कागद पुन्हा तपासून घेतले आहेत, त्यामुळे हा धागा केवळ इंधन आणि दिशा यांपुरता ठेवावा, ही विनंती.

माझा हिशेब असा आहे. विजयदुर्गपासून बँक सुमारे १०५ किलोमीटर, म्हणजे ६५ मैल. सात नॉटच्या वेगाने जाण्यास सव्वानऊ तास आणि येण्यास तितकेच. इंजिन तासाला १५ लिटर डिझेल घेते, असे आमच्या मिस्त्रींचे म्हणणे आहे. म्हणजे जाऊन-येऊन २८० लिटर. टाकी ४०० लिटरची आहे, तेव्हा १२० लिटर शिल्लक राहील. रात्री दहाला निघून सकाळी पोहोचायचे आणि दुसऱ्या रात्री अकराला परत फिरायचे, असा बेत आहे. यात कोठे चूक होत असेल तर कृपया सांगावे.

यंत्रघर

खाडीकाठ, आपण हिशेब लिहून मांडला हेच मोठे काम झाले, कारण बहुतेक जण टाकी भरली की हिशेब संपला असे मानतात. मी अनेक वर्षे व्यापारी जहाजांच्या इंजिनांवर काम केले आहे आणि आता रत्नागिरीत असतो. आपल्या मांडणीत मला तीन चुका दिसतात. त्यांपैकी एक आपल्या फायद्याची आहे, पण तीच चूक उलट दिशेने झाली असती तर महागात पडली असती.

पहिली चूक मैलाची. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, आणि सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो. आपण १०५ ला १.६ ने भागले, तो रस्त्यावरचा मैल झाला. खरे अंतर सुमारे ५७ सागरी मैल आहे, म्हणजे सात नॉटने सव्वाआठ तासही लागणार नाहीत. येथे आपण अंतर जास्त धरले, म्हणून बिघडले काही नाही. मात्र उद्या कोणी आपल्याला सागरी मैलांत अंतर सांगितले आणि आपण त्याला १.६ ने गुणून किलोमीटर काढले, तर ५७ मैलांचे ९१ किलोमीटर होतील आणि १४ किलोमीटर हिशेबातून गळून जातील. हैदराबादच्या 'इन्कॉइस' संस्थेकडून संभाव्य मासेमारी क्षेत्राची जी सूचना येते, तिच्यात अंतर किलोमीटरमध्ये आणि खोली मीटरमध्ये असते. आपले जीपीएस सागरी मैल दाखवते आणि आपले खलाशी खोली वावांत (एक वाव म्हणजे सहा फूट) सांगतात. एका बोटीवर तीन मापे नांदत असतील तर केबिनच्या फळीवर खडूने तिन्हींचे कोष्टक लिहून ठेवावे.

दुसरी चूक अशी की आपण फक्त जाण्यायेण्याचे डिझेल धरले. बँकेवर आपण सुमारे चाळीस तास राहणार. गळ टाकून बोट वाहवत सोडली की ती मोक्याच्या जागेवरून सरकते, आणि मग इंजिन लावून पुन्हा मूळ जागी यावे लागते. एका जागी मासा लागला नाही तर दुसऱ्या टोकाला जावे लागते. बँक उत्तर-दक्षिण सुमारे ४० किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे १५ किलोमीटर पसरलेली आहे, तेव्हा ही वणवण थोडीथोडकी नसते. मी आपल्या बोटीसाठी असे धरीन: जाताना १२२ लिटर, येताना समोरून लाट आणि वारा धरून, इंजिनाच्या त्याच फेऱ्यांवर सहा नॉट मिळतील असे समजून १४३ लिटर, जागा धरून ठेवण्यासाठी मंद गतीचे बारा तास, तासाला पाच लिटरने ६०, जागा बदलण्याचे पाच तास पूर्ण भाराने ७५, दिव्यांच्या जनित्राला १५. एकूण ४१५ लिटर. म्हणजे अंतर आठ मैलांनी कमी होऊनही आपली टाकी पुरत नाही.

तिसरी चूक राखीव डिझेलाची. समुद्रातील जुना हिशेब असा की एक भाग जाण्याचा, एक भाग येण्याचा आणि एक भाग हात न लावण्याचा. ४१५ लिटर हे दोन भाग धरले तर बरोबर ६२२ लिटर न्यावे लागतील. शिवाय टाकीच्या तळाचे डिझेल मोजू नये. त्यात पाणी आणि गाळ असतो, आणि बोट डोलू लागली की नळीच्या तोंडाशी हवा येते. चारशेच्या टाकीतून ३७० लिटर उपयोगाचे धरा.

देवगडचा तांडेल

यंत्रघर यांचा हिशेब कागदावर बरोबर आहे. पण ६२२ लिटर डिझेल म्हणजे पाचशे किलोहून अधिक वजन, आणि त्यातील अडीचशे लिटर डेकवर कॅनमध्ये जाणार. त्यातच बर्फ, पाणी आणि चार माणसे. बारा मीटरच्या बोटीवर इतके कॅन डेकवर बांधले की बोट वरून जड होते आणि आडव्या लाटेला सावकाश उठते. एक कॅन सुटला तर डेकवर तेल पसरून माणसाचा पाय घसरतो. मी पस्तीस वर्षे तांडेलकी केली. राखीव डिझेल नको असे मी म्हणत नाही, पण ते कॅनांनी वाढवण्याआधी खर्च कमी करता येतो का, ते पाहावे.

परतीच्या वेळेबद्दलही सांगतो. रात्री अकराला निघाल तर किनारा जवळ येईल तेव्हा पहाटेचा मतलय वारा नाकावर घ्यावा लागेल. हा वारा जमिनीकडून येतो आणि थंडीच्या दिवसांत सकाळपर्यंत टिकतो. आपले वाडवडील पहाटे मतलयावर बाहेर पडत आणि दुपारच्या उपरच्या, म्हणजे समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यावर घरी येत, ते शिडाच्या सोयीसाठी होते. पण इंजिनालाही तो हिशेब लागू पडतो. तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला बँक सोडा. दुपारी अडीच-तीनपर्यंत विजयदुर्गासमोर याल, वायव्येचा वारा पाठीशी असेल आणि उजेडात खाडीत शिराल. मासेमारीचे सहा तासही वाढतील. मात्र येताना सहा नॉटचाच हिशेब ठेवा. वाऱ्याने मदत केली तर ते डिझेल शिल्लक राहील.

यंत्रघर

तांडेलांचा वजनाचा मुद्दा मला मान्य आहे, आणि खर्च कमी करण्याचा मार्ग वेगातच आहे. पाणी कापत जाणाऱ्या अशा बोटीला लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सात नॉटऐवजी सहा नॉटने गेलात तर तासाचा खर्च १५ वरून साडेनऊ लिटरच्या आसपास येऊ शकतो. वेळ साडेनऊ तास लागेल, पण जाण्याचा खर्च १२२ ऐवजी ९० लिटर होईल. सव्वा तास उशिरा पोहोचण्याची किंमत म्हणून तीस-बत्तीस लिटर वाचतात. एकूण ३८३, आणि दीडपट केले तर ५७५. सहा कॅन पस्तीस लिटरचे, म्हणजे २१०, आणि टाकीतील ३७०: एकूण ५८०. हिशेब जेमतेम बसतो.

पण हा 'तासाला १५ लिटर' आकडा मिस्त्रींनी सांगितलेला आहे, आपण मोजलेला नाही. सर्वसाधारणपणे डिझेल इंजिन प्रत्येक अश्वशक्तीमागे तासाला सुमारे ०.२ लिटर घेते. पंधरा लिटर म्हणजे आपण ७५ अश्वशक्ती वापरत आहात. नवीन, स्वच्छ बुडाच्या बोटीला ते पटण्यासारखे आहे. आपली बोट बूड साफ करायला शेवटची कधी बाहेर ओढली होती? निघण्यापूर्वी मोजणी करा. टाकी खुणेपर्यंत भरा, ठरावीक फेऱ्यांवर एक तास जा आणि त्याच फेऱ्यांवर एक तास परत या, म्हणजे प्रवाहाचा परिणाम फिटून जाईल. जीपीएसवरील दोन्ही वेगांची सरासरी काढा. मग मापाच्या कॅनने टाकी पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरा. जितके डिझेल मावले तितका दोन तासांचा खर्च. सहा आणि सात नॉट अशा दोन्ही वेगांना हे करावे.

होकायंत्र

इंधनाची चर्चा नीट चालली आहे, म्हणून मी दिशेबद्दल लिहितो. अर्थात चुकलेली दिशा हाही डिझेलचाच खर्च आहे.

आपल्या किनाऱ्याजवळचा प्रवाह वर्षात दिशा बदलतो. पावसाळ्यात तो दक्षिणेकडे वाहतो आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात उत्तरेकडे. जानेवारीत अर्धा नॉट उत्तरेचा प्रवाह धरला आणि आपण सहा नॉटने नाळ (बोटीचे पुढचे टोक) सरळ २७० अंशांवर ठेवून साडेनऊ तास चाललात, तर पोहोचाल तेव्हा जवळजवळ पाच मैल उत्तरेला असाल. त्यावर उपाय म्हणजे नाळ पाच अंश दक्षिणेकडे, २६५ वर ठेवणे. येतानाही प्रवाह उत्तरेचाच असेल, म्हणून ९० ऐवजी ९५. अनेक जण जाताना दुरुस्ती करतात आणि येताना तीच उलटी करून ८५ धरतात. तसे केल्यास चूक दुप्पट होते.

साठ मैलांवर एका अंशाची चूक म्हणजे सुमारे एक मैल, हे लक्षात ठेवावे. आपले अंतर ५७ मैल असल्याने हा नियम जवळजवळ जसाच्या तसा लागू पडतो. जाताना ही चूक फारशी बोचत नाही, कारण बँक उत्तर-दक्षिण बावीस-एक मैल लांब आहे. मधोमध नेम धरला तर पाच मैल सरकूनही आपण तिच्यावरच असाल. येताना मात्र खाडीचे तोंड अरुंद आहे.

जीपीएसवर 'तेथे जा' हे बटण दाबून नाळ सतत बाणाकडे वळवत राहिल्यास बोट सरळ रेषेत न जाता धनुष्यासारख्या वक्र मार्गाने जाते, कारण प्रवाह तिला ढकलत असतो आणि आपण तिला पुन्हा पुन्हा लक्ष्याकडे वळवत असतो. त्याऐवजी आखलेल्या रेषेपासून आपण किती बाजूला सरकलो, हे दाखवणारा आकडा पाहत जावे आणि तो वाढू लागताच नाळ एक-दोन अंशांनी बदलावी.

आता सर्वांत जास्त होणारी चूक. विजयदुर्गचा अक्षांश सुमारे १६ अंश ३३ मिनिटे आहे. एखाद्या मित्राने तो '१६.३३' असा मोबाइलवर लिहून पाठवला आणि आपल्या यंत्रात दशांश अंशांची पद्धत लावलेली असेल, तर यंत्र त्याचा अर्थ ०.३३ अंश असा घेते. ३३ मिनिटे म्हणजे ०.५५ अंश. फरक ०.२२ अंशांचा, म्हणजे १३ सागरी मैलांहून अधिक. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, म्हणून ही चूक लगेच मोजता येते. आकडा कोणाकडूनही आला, तरी तो यंत्रात भरल्यावर अंतर आणि दिशा हाताने काढलेल्या आकड्याशी ताडून पाहावी. आपल्या अक्षांशावर एक अंश रेखांश सुमारे साडेसत्तावन्न मैलांचा असतो, हे त्यासाठी उपयोगी पडते. डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचा कागदी नकाशा घ्या, त्यावर रेषा आखा आणि दर तासाला स्थान, वेळ, फेरे व टाकीतील गजाचे (डिझेल मोजायच्या सळईचे) माप एकाच वहीत लिहा.

देवगडचा तांडेल

होकायंत्राजवळ मोबाइल, स्पीकर किंवा लोखंडी हत्यार ठेवू नका, एवढे मी जोडतो. एकदा आमच्या सुकाण्याने डब्यातला कोयता होकायंत्राच्या मागे खोचला होता. पहाटे देवगडचा दिवा जेथे दिसायला हवा होता, तेथे दिसेना.

बँक आली हे पाण्यावरूनही कळते. खोली मोजणारे यंत्र चालू ठेवा. खोल पाण्यातून अचानक तळ वर येऊ लागतो. सर्वांत उथळ जागा वीस मीटरच्या आसपास आहे, म्हणजे आपल्या अकरा वावांची. जीपीएस आणि तळ दोघांची साक्ष जुळली की मग गळ टाकावा.

ऑकलंडवासी

मी न्यूझीलंडमध्ये सुट्टीच्या दिवशी मित्राच्या बोटीतून मासेमारीला जातो. येथे निघण्यापूर्वी किनारा-सुरक्षा स्वयंसेवकांना रेडिओवर प्रवासाची नोंद देण्याची पद्धत आहे: किती माणसे, कोठे, परतण्याची वेळ. तुम्हीही घरी लेखी नोंद ठेवावी. दूरवरून संदेश पाठवणारे लहान उपग्रह यंत्र येथे अनेकांकडे असते. तसे एखादे मागवता येईल का?

होकायंत्र

ऑकलंडवासी, लेखी नोंदीची सूचना उत्तम आहे. पण उपग्रह फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रे भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय वापरणे बेकायदेशीर आहे आणि त्यावरून परदेशी पर्यटकांवरही कारवाई झालेली आहे. येथे वैध मार्ग वेगळे आहेत. मच्छीमारांसाठी इस्रोने तयार केलेला संकट-संदेश प्रेषक आहे, शासनाच्या योजनेतून बसवला जाणारा, बोटीचे स्थान कळवणारा ट्रान्सपाँडर आहे, आणि ४०६ मेगाहर्ट्झचे संकट-दीप (उपग्रहाकडे संकटाचा संदेश पाठवणारी यंत्रे) आहेत, ज्यांची नोंदणी बंगळुरू येथे होते. व्हीएचएफ रेडिओचा वाहिनी क्रमांक १६ जवळच्या जहाजांसाठी उत्तम. परंतु लहान बोटीच्या अँटेनावरून ५७ मैल दूरच्या किनाऱ्याशी बोलता येईल, असे समजू नये. मोबाइल त्याच्याही बराच आधी बंद पडतो. घरच्यांनी ठरलेल्या वेळेनंतर किती तास वाट पाहून तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर फोन करायचा, ते आधीच ठरवून लिहून द्यावे.

खाडीकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन शंका आहेत. रात्री मोठ्या जहाजांचा मार्ग ओलांडावा लागेल. त्या वेळी कोणते दिवे लावावेत? बँकेवर नांगर टाकावा का? आणि हवामान बिघडले तर परत फिरण्याचा निर्णय कशावर घ्यावा?

होकायंत्र

मासेमारीच्या बोटीचे लाल-पांढरे दिवे लावले की जहाज आपल्याला वाट देईल, असा समज आपल्याकडे आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, ज्या साधनांमुळे बोटीला वळणे कठीण होते त्या साधनांनी मासेमारी चालू असेल तरच ती 'मासेमारीत गुंतलेली' धरली जाते. प्रवासात असताना आपण साधी यांत्रिक बोट आहात, आणि हातगळ टाकून वाहवत असतानाही बहुधा तसेच धरले जाईल. म्हणून बाजूचे हिरवा-लाल, वरचा पांढरा आणि मागचा दिवा नीट लावा आणि जहाज वाट देईल या भरवशावर राहू नका. रात्री बोट वाहवत सोडली असेल तेव्हा एक माणूस जागा हवाच.

नांगराबाबत माझे मत स्पष्ट आहे: टाकू नये. बँकेवर प्रवाळ आहे, आणि प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. नांगर ओढला गेला की प्रवाळ तुटते आणि बहुतेक वेळा नांगरही तेथेच राहतो. यंत्रघर यांनी जागा धरून ठेवण्यासाठी जे साठ लिटर धरले आहेत, ते त्याचसाठी.

देवगडचा तांडेल

हवामानाचे मी सांगतो. २००९ च्या नोव्हेंबरात फयान आले, २०१७ मध्ये ओखी आले तेव्हा केरळ आणि तामिळनाडूच्या कितीतरी बोटी आमच्या देवगड बंदरात आश्रयाला आल्या होत्या, आणि २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार. ही सारी पावसाळ्यानंतरची वादळे आहेत. जानेवारी त्या मानाने शांत, पण उत्तरेचा वारा तीन-चार दिवस धरून बसतो. तुम्ही नऊ तास दूर असाल, म्हणून 'आभाळ भरले की निघू' हा किनाऱ्यावरचा नियम तेथे चालत नाही. इन्कॉइसचा लाटांचा आणि हवामान खात्याचा वाऱ्याचा अंदाज, दोन्ही परतीच्या दिवसानंतर आणखी एक दिवस चांगले असतील तरच निघा. बंदरही दोन धरून ठेवा: विजयदुर्ग, आणि दक्षिणेला देवगड. मालवणला रात्री शिरण्याचा मोह नको; तेथे खडक फार आहेत.

यंत्रघर

परतीची खूण डिझेलवरही ठेवा. टाकी आणि कॅन मिळून ३३५ लिटर उरले की मासा कितीही लागत असला तरी नाळ पूर्वेला. परतीचे १४३ आणि न शिवण्याचे १९२ यांची ती बेरीज आहे. गजावर त्या जागी तांबडा रंग लावा.

आणि इंजिन बंद पडते ते बहुधा डिझेल संपल्याने नव्हे. किनाऱ्याजवळ वर्षभर गप्प बसलेला टाकीच्या तळाचा गाळ मोठ्या लाटेत ढवळला जातो आणि फिल्टर तुंबतो. माझ्यावर एकदा हा प्रसंग आला आहे. कॅनमधून भरलेल्या डिझेलात पाणी होते आणि तीन तासांत दोन फिल्टर गेले. म्हणून किमान चार फिल्टर, पाणी वेगळे करणारी वाटी, गाळणीचे फडके आणि पाना सोबत हवा. फिल्टर बदलल्यावर नळीतील हवा काढण्याचा सराव बंदरात करून पाहा, तोही अंधारात, टॉर्च तोंडात धरून.

खाडीकाठ (दहा दिवसांनी)

मोजणी केली. सात नॉटला तासाला १५ लिटरच निघाले. मिस्त्री खरे ठरले. सहा नॉटला मात्र साडेनऊऐवजी ११ लिटर लागले. त्यामुळे जाण्याचा खर्च ९० ऐवजी १०५ झाला, एकूण ३९८ आणि दीडपट ५९७. माझ्याकडे उपयोगाचे ५८० आहेत. सातवा कॅन न घेता जागा बदलण्याचा एक तास कमी करण्याचे ठरवले आहे. बँकेच्या उत्तर टोकाला जाणारच नाही. त्याने एकूण ३८३ आणि दीडपट ५७५ झाले. टाकीचा तळ उघडून धुतला, त्यात अर्धी बादली काळा चिखल निघाला. निघण्याची वेळ संध्याकाळी आठ, परत पहाटे पाचला. नोंदीचा कागद आईकडे आणि मच्छीमार सोसायटीच्या कार्यालयात ठेवला आहे.

देवगडचा तांडेल

साडेनऊचे अकरा कशाने झाले ते नक्की सांगता येत नाही, पण बूडही पाहा. त्या बोटीच्या बुडाला शेवाळ आणि कालवे असू शकतात. उधाणाच्या भरतीला बोट खाडीत वर घ्या, सुकतीला घासून काढा आणि मग पुन्हा एकदा मोजा. तोपर्यंत उत्तर टोकाचा नाद नको.